ब्रदर लॉरेन्स

ब्रदर लॉरेन्स (मूळ नाव: निकोला हेर्मान, फ्रेंच संन्यासनाम: लोराँ द ला रेझुरेक्सियों, म्हणजे ‘पुनरुत्थानाचे लॉरेन्स’, इ.स. १६१४ – १२ फेब्रुवारी, इ.स. १६९१) हे सतराव्या शतकातील एक ख्रिस्ती गूढवादी साधक होते. पॅरिसमधील अनवाणी कार्मेलाइट संघाच्या मठात त्यांनी सुमारे पन्नास वर्षे सेवक-बंधू म्हणून काढली. त्यांतील बराच काळ ते मठाच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकी होते आणि त्यानंतर मठातील चपला शिवण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते धर्मगुरू नव्हते, त्यांचे औपचारिक धर्मशास्त्रीय शिक्षण झालेले नव्हते आणि त्यांनी स्वतः कोणतेही पुस्तक प्रसिद्ध केले नाही. त्यांच्या निधनानंतर त्यांची पत्रे, काही टिपणे आणि त्यांच्याशी झालेल्या चार संवादांची नोंद प्रकाशित झाली. हेच साहित्य पुढे ‘द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड’ (ईश्वरसान्निध्याचा अभ्यास) या नावाने जगभर वाचले गेले.

प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत भेद नसावा, भांडी घासताना किंवा बाजारहाट करतानाही ईश्वराच्या सान्निध्याचे भान ठेवता येते, हे त्यांच्या शिकवणीचे सार आहे. ख्रिस्ती परंपरेत दैनंदिन जीवनातील गूढवादाचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही पंथांत घेतले जाते. कॅथलिक चर्चने त्यांना अधिकृत संतपद दिलेले नाही.

पार्श्वभूमी

ख्रिस्ती गूढवाद म्हणजे ईश्वराचा प्रत्यक्ष, आंतरिक अनुभव घेण्याची साधना व त्या अनुभवाचे चिंतन. या परंपरेचा मोठा भाग मठांत, एकांतात आणि मौनात विकसित झाला. त्यामुळे संसारी माणसाला किंवा शारीरिक श्रमांत गुंतलेल्या माणसाला ही साधना शक्य आहे काय, हा प्रश्न तिच्यात वारंवार उपस्थित होत राहिला. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमात मठातील साधी अवजारे व भांडीही वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे हाताळावीत अशी सूचना आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी सर्व गोष्टींत ईश्वराचा शोध घेण्यावर आणि दिवसाच्या ठरावीक वेळी आत्मपरीक्षण करण्यावर भर दिला. इ.स. १६०९ मध्ये फ्रान्सिस द सेल्स यांनी प्रसिद्ध केलेला ‘भक्तिमय जीवनाचा परिचय’ हा ग्रंथ मुख्यतः मठाबाहेरील स्त्रीपुरुषांसाठी होता.

ब्रदर लॉरेन्स ज्या अनवाणी कार्मेलाइट संघात दाखल झाले, तो संघ आविलाच्या तेरेसा यांनी इ.स. १५६२ मध्ये स्पेनमध्ये सुरू केलेल्या सुधारणेतून निर्माण झाला होता. तेरेसा आणि त्यांचे सहकारी क्रुसाचे योहान हे ख्रिस्ती गूढवादातील सर्वांत महत्त्वाचे लेखक मानले जातात. आज्ञापालनासाठी स्वयंपाकघरात काम करावे लागले तरी ईश्वर तेथे भांड्यांमध्येही वावरत असतो, अशा आशयाचा उपदेश तेरेसा यांनी आपल्या भगिनींना केला होता. ब्रदर लॉरेन्स यांचे जीवन म्हणजे जणू या उपदेशाचा अर्धशतकभर चाललेला प्रयोग होता.

त्या काळच्या मठांत दोन स्तर असत. लॅटिन जाणणारे, सामुदायिक स्तोत्रपठणात भाग घेणारे आणि बहुधा पौरोहित्याची दीक्षा घेतलेले संन्यासी हा पहिला स्तर होय. स्वयंपाक, बागकाम, शिवणकाम, दुरुस्ती, भिक्षा मागणे अशी कामे करणारे सेवक-बंधू हा दुसरा स्तर. सेवक-बंधूंचीही व्रते होत, परंतु मठाच्या कारभारात त्यांना फारसे स्थान नसे. याच संघाच्या गोव्यातील मठातील रेडेम्प्टस हे बंधूही मूळचे पोर्तुगीज सैनिक व नंतर सेवक-बंधू होते. इ.स. १६३८ मध्ये सुमात्रा बेटावरील आचे येथे ते मारले गेले आणि इ.स. १९०० मध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. सैन्यातून मठात आणि मठात पुन्हा श्रमांच्या कामावर, असा प्रवास करणारे ब्रदर लॉरेन्स एकटेच नव्हते, हे यावरून दिसते.

जीवन

सुरुवातीचे जीवन

निकोला हेर्मान यांचा जन्म लॉरेन प्रांतात, ल्युनेव्हिल शहराजवळच्या एरिमेनिल या खेड्यात झाला. लॉरेन तेव्हा फ्रान्सचा भाग नसून स्वतंत्र डची होती. घरची परिस्थिती साधी होती आणि वातावरण धार्मिक होते.

वयाच्या अठराव्या वर्षी घडलेला एक प्रसंग त्यांनी स्वतः पुढे सांगितला आहे. हिवाळ्यात पाने झडून गेलेले एक झाड त्यांच्या दृष्टीस पडले. काही काळाने याच झाडाला पुन्हा पालवी फुटेल, मग फुले व फळे येतील, या विचाराने त्यांना ईश्वराच्या सामर्थ्याची व कृपेची इतकी खोल जाणीव झाली की ती आयुष्यभर पुसली गेली नाही. या घटनेत दिव्य दर्शन, आकाशवाणी किंवा समाधी यांपैकी काहीही नव्हते. साध्या दृश्यातून उमटलेला विचार, एवढेच तिचे स्वरूप होते. त्यांच्या पुढील सर्व साधनेचा स्वभावही असाच राहिला.

तथापि या अनुभवानंतर ते लगेच मठात गेले नाहीत. तीस वर्षांच्या युद्धाच्या (इ.स. १६१८–१६४८) धामधुमीत ते लॉरेनच्या सैन्यात दाखल झाले. जर्मन सैनिकांनी त्यांना एकदा हेर समजून पकडले आणि फाशी देण्याची धमकी दिली. आपण हेर नाही आणि मरणाची आपल्याला भीती वाटत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितल्यावर त्यांची सुटका झाली. पुढे इ.स. १६३५ मध्ये स्वीडिश सैन्याशी झालेल्या रांबेर्व्हिये येथील लढाईत ते जखमी झाले आणि त्यांची सैनिकी कारकीर्द संपली. पायाचे दुखणे मात्र जन्मभर त्यांची सोबत करीत राहिले.

यानंतर एका गृहस्थासमवेत त्यांनी काही काळ एकांतवासाचा प्रयत्न केला, पण मनाची स्थिती सतत बदलत राहिल्याने तो त्यांनी सोडून दिला. पॅरिसमध्ये ते राजकोषाचे अधिकारी फ्यूबे यांच्याकडे नोकर म्हणून राहिले. आपण त्या घरात अगदी धांदरट होतो आणि हातात येईल ते फोडत होतो, असे वर्णन त्यांनी स्वतःच केले आहे.

मठप्रवेश

इ.स. १६४० मध्ये, वयाच्या सुमारे सव्विसाव्या वर्षी, ते पॅरिसच्या वोजिरार रस्त्यावरील अनवाणी कार्मेलाइट मठात सेवक-बंधू म्हणून दाखल झाले. १४ ऑगस्ट, इ.स. १६४२ रोजी त्यांनी अंतिम व्रते घेतली. आपल्या धांदरटपणाबद्दल व चुकांबद्दल मठात आपल्याला चांगलीच शिक्षा भोगावी लागेल आणि त्या रूपाने आपले जीवन ईश्वराला अर्पण होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. ईश्वराने आपली ही अपेक्षा फोल ठरवली आणि आपल्याला येथे केवळ समाधानच मिळाले, असे ते पुढे विनोदाने सांगत. परंतु हे समाधान त्यांच्या वाट्याला लगेच आलेले नव्हते.

आंतरिक संघर्ष

मठातील पहिली सुमारे दहा वर्षे त्यांच्यासाठी अत्यंत क्लेशाची ठरली. ईश्वराशी आपण इच्छेप्रमाणे एकनिष्ठ नाही, आपली जुनी पापे डोळ्यांसमोरून हलत नाहीत आणि तरीही आपल्यावर कृपा होत राहते, या तिन्ही गोष्टींचा त्यांना त्रास होत असे. या काळात ते वारंवार पडत आणि पुन्हा उठत. सर्व सृष्टी, स्वतःची बुद्धी आणि खुद्द ईश्वरही आपल्या विरोधात आहे, केवळ श्रद्धा तेवढी आपल्या बाजूला आहे, असे त्यांना वाटे. आपल्याला झालेले अनुभव म्हणजे निव्वळ अहंकाराचा खेळ असावा, अशीही शंका त्यांना येई.

यातील चार वर्षे तर आपल्याला शाश्वत नरकवास मिळणार याविषयी त्यांची खात्रीच झाली होती. जगातील सर्व माणसे एकत्र आली असती तरी त्यांना ती समजूत सोडायला लावू शकली नसती. अखेर त्यांनी स्वतःशी एक विचार केला. आपण मठात आलो ते केवळ ईश्वराच्या प्रेमापोटी. आपला उद्धार होवो वा न होवो, मरेपर्यंत त्याच्यावर प्रेम करण्यासाठी जे करता येईल ते आपण करीत राहू. निदान तेवढे तरी आपल्या हाती उरेल. उर्वरित आयुष्य याच अस्वस्थतेत घालवावे लागले तरी चालेल, असा निश्चय त्यांनी केला आणि त्यानंतर आपल्या अंतःकरणात एकाएकी खोल शांती उतरली, असे त्यांनी सांगितले आहे.

हा टप्पा त्यांच्या शिकवणीच्या आकलनासाठी महत्त्वाचा आहे. त्यांची प्रसन्नता हा उपजत स्वभावाचा भाग नव्हता. मोक्षाची हमी मागणे सोडून दिल्यानंतर ती आली. स्वर्गाची आशा आणि नरकाची भीती या दोन्हींचा विचार बाजूला ठेवून केवळ ईश्वरासाठी कर्म करणे, हे सूत्र त्यांना या संघर्षातून सापडले.

स्वयंपाकघर आणि चर्मकाम

मठात त्यांची नेमणूक मुदपाकखान्यात झाली. स्वयंपाकाच्या कामाची त्यांना मुळात नावड होती. तरीही प्रत्येक काम ईश्वरावरील प्रेमापोटी करायचे आणि ते नीट होण्यासाठी त्याच्याकडे प्रसंगोपात्त कृपा मागायची, अशी सवय त्यांनी लावून घेतली आणि जवळजवळ पंधरा वर्षे ते काम आपल्याला सोपे गेले, असे ते म्हणत. कामाच्या गर्दीत, अनेक जण एकाच वेळी निरनिराळ्या वस्तू मागत असतानाही आपल्याला वेदीसमोर गुडघे टेकल्यावर असते तितकीच शांती लाभते, असा त्यांचा अनुभव होता. तव्यावरचे अंड्याचे पोळे उलटणे किंवा जमिनीवर पडलेली काडी उचलणे यांसारखी क्षुल्लक कृतीही प्रेमाने केली तर ती प्रार्थनाच होते, असे ते सांगत.

पायाचे दुखणे वाढल्यावर त्यांना बसून करायचे काम देण्यात आले आणि ते मठवासीयांच्या चपला शिवू लागले. हे काम त्यांना आवडत असे. परंतु यापूर्वीच्या कामाप्रमाणेच हेही सोडण्याची आपली केव्हाही तयारी आहे, असे ते म्हणत.

मठासाठी द्राक्षमद्याची खरेदी करण्याकरिता त्यांना इ.स. १६६५ मध्ये ओव्हेर्न्य प्रांतात आणि पुढील वर्षी बर्गंडीत पाठवण्यात आले. व्यवहाराचे ज्ञान नसल्याने हे काम त्यांना नकोसे होते. शिवाय पाय अधू असल्यामुळे नावेत त्यांना पिंपांवरून लोळत सरकावे लागे. हे काम तुझेच आहे, असे ईश्वराला सांगून ते निघाले आणि काम चांगले पार पडले. ते कसे पडले हे मात्र आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनी नंतर सांगितले.

अखेरचे दिवस

उतारवयात त्यांच्याकडे सल्ल्यासाठी अनेक लोक येत. त्यांत सामान्य लोकांप्रमाणेच उच्चपदस्थ धर्माधिकारीही असत. प्रसिद्ध लेखक व पुढे कांब्रेचे आर्चबिशप झालेले फ्रांस्वा फेनेलों हे त्यांच्या आजारपणात त्यांना भेटून गेले होते. त्यांच्या उपलब्ध पत्रांपैकी शेवटचे ६ फेब्रुवारी, इ.स. १६९१ रोजीचे आहे. थोड्याच दिवसांत ईश्वराचे दर्शन घडेल अशी आशा त्यात त्यांनी व्यक्त केली आहे. सहा दिवसांनी, १२ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युशय्येवर असताना आपण काय करीत आहात, असे विचारले असता, अनंतकाळ जे करायचे आहे तेच आता करीत आहे, म्हणजे ईश्वराची स्तुती व त्याच्यावर प्रेम, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे.

ते राहत होते तो मठ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात कैदखाना झाला आणि सप्टेंबर, इ.स. १७९२ मध्ये तेथे शंभराहून अधिक धर्मगुरूंची हत्या झाली. या जागी सध्या पॅरिसची कॅथलिक शिक्षणसंस्था असून मठाचे संत योसेफ चर्च अद्याप उभे आहे.

शिकवण

ईश्वरसान्निध्य

ब्रदर लॉरेन्स यांच्या मते ईश्वर सर्वत्र आणि सर्वदा उपस्थित असतोच. साधकाने फक्त त्याचे भान ठेवायचे असते. हे भान कल्पनाशक्तीने उभ्या केलेल्या चित्रांतून नव्हे, तर श्रद्धेतून येते. ते टिकवण्याचा उपाय म्हणजे दिवसभर, अधूनमधून, थोडक्या शब्दांत किंवा शब्दांशिवाय ईश्वराशी बोलत राहणे. हे बोलणे साधे, मोकळे आणि त्या क्षणी मनात असेल त्याविषयीचे असावे. सुरुवातीला यासाठी प्रयत्न करावा लागतो, बरेचदा विसर पडतो. पण चिकाटीने केल्यास पुढे ती सवय होते आणि नंतर तो स्वभावच बनतो.

पुस्तकांतून सांगितलेल्या ध्यानाच्या निरनिराळ्या पद्धती त्यांना मानवल्या नाहीत. त्या आपल्याला गोंधळात टाकतात, असे त्यांना वाटले. मठाच्या नियमानुसार ठरलेल्या वेळी ते प्रार्थनेला बसत, परंतु ती वेळ आपल्यासाठी इतर वेळेहून निराळी नाही, असे ते म्हणत.

कर्माचे स्थान

आध्यात्मिक प्रगतीसाठी काम बदलण्याची गरज नाही; एरवी स्वतःसाठी केले जाणारे तेच काम ईश्वरासाठी करावे, ही त्यांची मध्यवर्ती भूमिका आहे. कामाचे मोल त्याच्या मोठेपणावर नसून ते करण्यामागील प्रेमावर अवलंबून असते. लोक साधनांनाच साध्य समजतात आणि ठरावीक उपासना यांत्रिकपणे उरकण्यात धन्यता मानतात, याबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली होती. अर्थात कामाची हयगय त्यांना मान्य नव्हती. पत्रांतून ते घाई टाळण्याचा आणि काम शांतपणे, लक्ष देऊन करण्याचा सल्ला देतात.

हा मार्ग केवळ मठवासीयांपुरता नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. सैन्यातील एका तरुणाविषयी लिहिताना त्यांनी सुचवले आहे की, हाती तलवार घेऊन कूच करीत असतानाही अंतःकरण क्षणभर ईश्वराकडे वळवणे पुरेसे आहे. अशी छोटी प्रार्थना सैनिकाचे धैर्य कमी करीत नाही, उलट वाढवते. हा सल्ला देणारा स्वतः एकेकाळी सैनिक होता.

मनाचे भटकणे आणि चुका

मन विचलित झाल्यास त्याच्याशी झगडू नये, स्वतःवर चिडू नये, तर त्याला हळुवारपणे परत आणावे, असा त्यांचा उपदेश आहे. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या श्रीमंताच्या दारात बसलेल्या मुक्या, पांगळ्या भिकाऱ्याप्रमाणे ईश्वरासमोर बसावे, अशी उपमा ते एका पत्रात देतात. दिवसभर मनाला मोकाट सोडले तर प्रार्थनेच्या वेळी ते एकदम ताब्यात येणार नाही, याकडेही ते लक्ष वेधतात.

चुकांविषयीची त्यांची वृत्ती विशेष लक्षणीय आहे. एखादी चूक झाली की ते ती ईश्वरासमोर सरळ कबूल करीत. तू मला माझ्यावर सोडून दिलेस तर मी असाच वागणार, असे त्याला सांगत आणि मग त्या चुकीचा घोळ मनात घालत बसत नसत. ज्या माणसाने चार वर्षे स्वतःच्या पापांचा हिशेब मांडण्यात घालवली होती, त्याच्या बाबतीत ही वृत्ती म्हणजे कष्टाने मिळवलेले स्वातंत्र्य होते.

ईश्वरासमोरील स्वतःच्या स्थितीचे वर्णन ते दोन दृष्टान्तांतून करतात. पहिल्यात ते स्वतःला राजासमोर उभा राहिलेला अपराधी समजतात. राजा मात्र शिक्षा न करता त्याला आपल्या पंक्तीला बसवतो आणि स्वतःच्या हाताने वाढतो. दुसऱ्यात ते शिल्पकारापुढील दगड होतात आणि ईश्वराने आपल्या आत्म्यावर स्वतःची प्रतिमा कोरावी, अशी प्रार्थना करतात.

आजार आणि वेदना

अखेरच्या काळातील अनेक पत्रे आजारी व्यक्तींना लिहिलेली आहेत. वेदना दूर व्हाव्यात अशी प्रार्थना करण्याऐवजी त्या सोसण्याचे बळ मागावे, असे ते सुचवतात. ईश्वर हाच शरीराचा व आत्म्याचा वैद्य आहे, असे सांगतानाच औषधोपचार घेण्यास मात्र ते मनाई करीत नाहीत. ही पत्रे लिहिणारा माणूस स्वतः दीर्घकाळ पायाच्या दुखण्याने जखडलेला होता, त्यामुळे या उपदेशाला अनुभवाचा आधार आहे.

साहित्य

ब्रदर लॉरेन्स यांच्या नावावर असलेले साहित्य अतिशय अल्प आहे. त्याचे तीन भाग पडतात:

* संवाद – जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी त्यांच्याशी झालेल्या चार भेटींची केलेली नोंद. या भेटी ३ ऑगस्ट, २८ सप्टेंबर व २२ नोव्हेंबर, इ.स. १६६६ आणि २५ नोव्हेंबर, इ.स. १६६७ या दिवशींच्या आहेत.
* पत्रे – भगिनी संन्यासिनी, गृहस्थाश्रमी स्त्रिया आणि धर्मगुरू यांना लिहिलेली एकूण सोळा पत्रे.
* आध्यात्मिक सूत्रे – ईश्वरसान्निध्याचे स्वरूप, साधने व फळे यांविषयीची त्यांची टिपणे.

बोफोर हे लुई-आंत्वान द नोआय यांचे व्हिकर जनरल होते. नोआय त्यावेळी शालोंचे बिशप होते आणि पुढे पॅरिसचे आर्चबिशप व कार्डिनल झाले. पहिल्याच भेटीत ब्रदर लॉरेन्स यांनी बोफोर यांना बजावले होते की, ईश्वराची सेवा करण्याची मनापासून इच्छा असेल तर हवे तितक्या वेळा यावे, नसेल तर पुन्हा येऊ नये. बोफोर यांनी ब्रदर लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर इ.स. १६९२ मध्ये सूत्रे व पत्रे आणि इ.स. १६९४ मध्ये संवाद व जीवनविषयक माहिती प्रसिद्ध केली. आपली साधनापद्धती सांगणाऱ्या एका पत्रात ब्रदर लॉरेन्स यांनी ते कोणालाही दाखवू नये अशी अट घातली होती. आज तेच त्यांच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पत्रांपैकी एक आहे.

संवादांतील शब्द बोफोर यांचे आहेत आणि ते बहुतांशी अप्रत्यक्ष कथनात आहेत. त्यामुळे मूळ वक्त्याचे शब्द आणि संपादकाची मांडणी यांतील सीमारेषा आखणे अभ्यासकांना अवघड जाते. या साहित्याची चिकित्सक फ्रेंच आवृत्ती कार्मेलाइट अभ्यासक कॉनराड द मेस्टर यांनी इ.स. १९९१ मध्ये प्रकाशित केली.

क्वायटिझमचा वाद

ही पुस्तके ज्या काळात प्रसिद्ध झाली, तो काळ गूढवादी लेखनाला प्रतिकूल होता. इ.स. १६८७ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी स्पॅनिश धर्मगुरू मिगेल द मोलिनोस यांची मते निषिद्ध ठरवली होती. ईश्वरापुढे आत्म्याने पूर्णतः निष्क्रिय व्हावे, असे मानणाऱ्या या विचारसरणीला ‘क्वायटिझम’ असे नाव मिळाले. फ्रान्समध्ये मादाम ग्वीयों यांच्या लेखनावर याच स्वरूपाचा आक्षेप घेण्यात आला. त्यांच्या बाजूने फेनेलों आणि विरोधात बिशप बोस्युए उभे राहिले. फेनेलों यांचा संतांच्या सूत्रांवरील ग्रंथ इ.स. १६९७ मध्ये निघाला आणि त्यातील काही विधाने पोप बारावे इनोसंट यांनी इ.स. १६९९ मध्ये निषिद्ध ठरवली.

या वादाचा एक कळीचा मुद्दा ‘शुद्ध प्रेम’ हा होता: स्वतःच्या उद्धाराचीही अपेक्षा न धरता ईश्वरावर प्रेम करता येते काय? ब्रदर लॉरेन्स यांनी चार वर्षांच्या यातनेतून काढलेला निष्कर्ष नेमका या प्रश्नाशी भिडत होता. फेनेलों आणि मादाम ग्वीयों यांनी आपल्या समर्थनार्थ त्यांचा दाखला दिला. ज्या नोआय यांच्या आश्रयाने ही पुस्तके निघाली होती, ते मात्र फेनेलों यांच्या विरोधकांत होते. अशा रीतीने हयातीत कोणत्याही वादात न पडलेल्या एका स्वयंपाक्याचे नाव मृत्यूनंतर राजदरबारापर्यंत पोहोचलेल्या वादात गुंतले. त्यांच्या लेखनावर बंदी आली नाही; परंतु गूढवादाविषयी निर्माण झालेल्या संशयाच्या वातावरणात कॅथलिक फ्रान्समध्ये ते दीर्घकाळ मागे पडले.

क्वायटिझम आणि ब्रदर लॉरेन्स यांच्यात एक मूलभूत फरक आहे. त्यांच्या साधनेत निष्क्रियतेला स्थान नाही. ईश्वराकडे मन पुन्हापुन्हा वळवण्याचा प्रयत्न आणि हातातील काम, या दोन्ही गोष्टी त्यात अखंड चालू असतात.

प्रभाव

मायदेशात विस्मृतीत गेलेले हे लेखन प्रोटेस्टंट वाचकांनी जपले. गूढवादी साहित्याचे संपादक पिएर प्वारे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. अठराव्या शतकात ते इंग्रजीत आले आणि मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या पन्नास खंडांच्या ‘ख्रिश्चन लायब्ररी’त त्याचा समावेश केला. विसाव्या शतकात अमेरिकन क्वेकर लेखक टॉमस केली आणि प्रचारक ए. डब्ल्यू. टोझर यांच्या लेखनातही त्यांचा उल्लेख आढळतो.

अमेरिकन मिशनरी फ्रँक लाउबाख यांनी इ.स. १९३० च्या सुमारास फिलिपाइन्समधील मिंडानाओ बेटावर राहत असताना दिवसाच्या प्रत्येक मिनिटाला निदान क्षणभर ईश्वराचे स्मरण करण्याचा प्रयोग केला. त्यांची त्या काळातील पत्रे ब्रदर लॉरेन्स यांच्या लेखनासोबत एकत्रही छापली गेली आहेत. लाउबाख हे प्रौढ साक्षरतेच्या चळवळीसाठी अधिक प्रसिद्ध असून त्या कामासाठी ते भारतातही आले होते.

मूल्यमापन

ब्रदर लॉरेन्स यांच्या लेखनात क्रुसाचे योहान यांच्यासारखे काव्य किंवा तेरेसा यांच्यासारखे आत्म्याच्या अवस्थांचे सूक्ष्म विश्लेषण नाही. त्यांच्या पत्रांत एकच विचार वारंवार येतो आणि ही पुनरुक्ती काही वाचकांना खटकू शकते. मात्र ही पत्रे निरनिराळ्या व्यक्तींना त्यांच्या अडचणींनुसार लिहिलेली असून ग्रंथ म्हणून रचलेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे लागते.

त्यांच्या शिकवणीची सामाजिक मर्यादाही आहे. कोणतेही काम प्रेमाने केल्यास पवित्र होते, हा विचार श्रमाला प्रतिष्ठा देतो. पण नावडते श्रम कोणाच्या वाट्याला आणि का यावेत, हा प्रश्न तो विचारत नाही. मठातील वरिष्ठ-कनिष्ठ रचनेबद्दल त्यांनी तक्रार केल्याचे दिसत नाही. असे असले तरी, लॅटिन न जाणणाऱ्या एका सेवक-बंधूकडे विद्वान धर्माधिकारी मार्गदर्शनासाठी येत होते, ही गोष्ट त्या रचनेला आपोआपच छेद देणारी होती.

अलीकडे त्यांच्या पद्धतीची सांगड मनःशांतीच्या किंवा एकाग्रतेच्या तंत्रांशी घातली जाते. दोहोंत वरवरचे साम्य असले, तरी ब्रदर लॉरेन्स यांच्या दृष्टीने शांती हे उद्दिष्ट नव्हते. ती आयुष्यभर लाभणार नाही असे गृहीत धरूनच त्यांनी आपला मार्ग पत्करला होता. ईश्वराशी असलेले नाते हेच त्यांचे साध्य होते आणि स्वयंपाकघर ही ते नाते जगण्याची जागा होती.

हे सुद्धा पहा

* ख्रिस्ती गूढवाद
* आविलाची तेरेसा
* क्रुसाचे योहान
* इग्नेशियस लोयोला
* फ्रांस्वा फेनेलों